आपला किनारा आणि संकटकाळची सिद्धता

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘शिक्षण आणि शिस्त’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. छत्तीस वर्षे हाती खडू धरलेल्या माणसाला यात अडचण पडू नये. परंतु शिस्त या शब्दाचा खरा अर्थ मला शाळेत उमगला नाही. तो निवृत्तीनंतर रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उमगला, हे आरंभीच कबूल करतो.

आमच्या घरी ‘रामदास’ हे नाव उच्चारले की समर्थांच्या आधी बोट आठवते. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. मुंबई हाकेच्या अंतरावर; पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, आणि शहराला बातमी कळावयास कित्येक तास लागले. जे वाचले ते पोहून वाचले, किंवा रेवसकडील कोळी बांधवांनी त्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतले म्हणून वाचले. धरलेली मासळी समुद्रात लोटून त्यांनी माणसांना जागा केली, असे आजही सांगतात. आमचे थोरले चुलत आजोबा मात्र परत आले नाहीत.

आता दुसरा दिवस पाहा. १७ जून २०२१ रोजी मी मुलीकडे रेवदंड्यास होतो. पावसाळी सकाळ. बंदरापासून सुमारे ३ किलोमीटरवर ‘मंगलम’ नावाच्या जहाजात पाणी शिरले होते. खलाशी १६. जहाजावरील एका अधिकाऱ्याने मुंबईच्या सागरी बचाव केंद्राला दूरध्वनी केला. धीर सुटलेले खलाशी जहाज सोडून देण्याच्या बेतात होते. केंद्रातील माणसांनी त्यांना समजावले, जहाजावरच थांबा, मदत निघाली आहे. दिघी बंदरातून तटरक्षक दलाचे ‘सुभद्रा कुमारी चौहान’ हे जहाज निघाले आणि दमणच्या हवाई तळावरून दोन चेतक हेलिकॉप्टरे उडाली. काही जणांना रबरी होड्यांतून, काहींना आकाशातून उचलून, सोळाच्या सोळा जणांना वाचविण्यात आले.

दमण ते रेवदंडा हे अंतर सरळ रेषेतही सुमारे २०० किलोमीटर आहे. तेव्हा तळावर कोणी तरी आधीपासूनच तयार बसलेला असला पाहिजे. ही तयारी कशी होते, हे मला आपल्याच ज्ञातीतील एका तरुणाने सांगितले. तो नौदलाच्या हवाई तळावर तंत्रज्ञ होता. हेलिकॉप्टर माणसाच्या डोक्यावर स्थिर उभे राहते, तेव्हा वैमानिकाला खालचा माणूस दिसतच नाही. दाराशी बसलेला दोरवाला जे बोलेल त्यावर त्याने विसंबावयाचे : पुढे, किंचित उजवीकडे, स्थिर. लोंबणाऱ्या आकड्यात वीज साठलेली असते, म्हणून तो आधी पाण्याला टेकू द्यावयाचा, मगच माणसाने हात लावावयाचा. हे सारे प्रथम तळाच्या मैदानावर, मग समुद्रावर, पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

कोचीच्या ‘गरुड’ या नौदल तळावर तर हेलिकॉप्टरची नकली खोली तलावात बुडवून उलटी करतात. यंत्र माथ्यावर असल्याने हेलिकॉप्टर पाण्यात पडताच उलटते. आतील माणसाने एका हाताने ठराविक जागा घट्ट धरावयाची, खोली फिरावयाची थांबेपर्यंत पट्टा सोडावयाचा नाही, आणि मग हाताच्या आधाराने दार शोधावयाचे. घाईने पट्टा सोडणाऱ्यास वर कोणते आणि खाली कोणते, हेच कळत नाही. मला वाटते, ‘मंगलम’वरील खलाशांना ‘थांबा’ म्हणणाऱ्यांच्या शब्दांतही हीच शिकवण होती.

सरावाने सारेच साधते, असे मात्र नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळात ‘पी-३०५’ ही तराफा-नौका बुडाली. तिच्यावरील २६१ जणांपैकी १८६ जण नौदलाच्या शर्थीने वाचले. आणि आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर प्रेते वाहून आली, ती आपण पाहिली. जुलैत तळियेवर दरड कोसळली. कुलाब्याच्या ‘शिक्रा’ तळावरील सी किंग हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी पहाटे पोलादपूरकडे निघाले. तोवर दरडीखालच्यांची वेळ सरली होती. डोंगरातील पाऊस कोणाचीही कवायत जुमानत नाही.

आता माझी गोष्ट. शाळेत संकटकाळच्या सरावाचे एक रजिस्टर असे. घंटा वाजवून मुलांना ओळीने मैदानावर आणावयाचे आणि नोंद करावयाची. परीक्षा, पाऊस, तपासणी, काही ना काही कारण निघे. न घेतलेल्या सरावाखाली मी सही केली. एकदा नव्हे, अनेकदा. पुढे एके दिवशी खिचडीच्या खोलीत गॅसने पेट घेतला. आग लगेच विझली. पण मुले सगळी एकाच अरुंद जिन्याकडे धावली आणि चौथीतील एका मुलीचा हात मोडला. तिच्या वडिलांनी मला दोष दिला नाही. त्यांना रजिस्टर ठाऊक नव्हते. आज प्रथमच हे चारचौघांत सांगत आहे.

म्हणून विषयाला थोडी बगल देऊन संस्थेपुढे एक विनंती ठेवतो. आपली कौटुंबिक सहल दरवर्षी राजपुरीहून होडीने जंजिऱ्यास जाते. गेल्या खेपेस तरंगण्याची जाकिटे होडीच्या तळाशी गाठोडे बांधून ठेवलेली मी पाहिली, आणि शिक्षक असूनही गप्प बसलो. यंदा ते गाठोडे धक्क्यावरच सोडावे. लहानमोठ्या प्रत्येकाने जाकीट अंगावर चढवून बंद आवळून दाखवावेत. आजीबाईंनी लुगड्यावरून घालावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. जाकिटे कमी भरली तर तितकी माणसे दुसऱ्या खेपेस जातील. सहलीचा दिवस चिटणीस जाहीर करतीलच. मी त्या दिवशी अर्धा तास आधी राजपुरीच्या धक्क्यावर हजेरीची वही घेऊन उभा असेन, आणि या वेळी पाहिल्यावाचून सही करणार नाही.