नाटक लिहिणारा शिक्षक : प्राचार्य म. भि. चिटणीस
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात देणगीदारांचे आणि कार्यकर्त्यांचे स्मरण होते, ते उचितच आहे. परंतु समाज घडविणाऱ्यांमध्ये शिक्षकांचा वर्ग असा आहे, की ज्याच्या कार्याची नोंद कोनशिलेवर होत नाही. त्यातही जो शिक्षक विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तकाबरोबर नाटकही देतो, त्याचे ऋण सहसा विस्मरणात जाते. प्राचार्य म. भि. चिटणीस हे अशा शिक्षकांपैकी एक होत.

जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. तत्पूर्वी त्याचा बहुतांश भाग औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यात होता. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी फारच तोकड्या होत्या. अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. चिटणीस हे तेथील प्राचार्य.

या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बहुधा खेड्यातला असे. अनेकांच्या घरातून शिक्षणाची पायरी चढणारा तो पहिलाच. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मान खाली घालून ऐकण्याचीच सवय लावली गेली, त्यांना चारचौघांत उभे राहून बोलावयास शिकविणे हे व्याकरण शिकविण्याहून कठीण काम होते. चिटणीसांनी त्यासाठी रंगमंचाचा आधार घेतला. त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. रामायणकाळापासून आधुनिक काळापर्यंत अस्पृश्य समाजाने जे सोसले, त्याची ही यात्रा. १९५५ साली महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ते सादर केले, तेव्हा प्रेक्षकांत खुद्द बाबासाहेब उपस्थित होते. पुढील वर्षी, १९५६ मध्ये, नागपूर येथे धम्मदीक्षेच्या निमित्ताने जमलेल्या विराट जनसमुदायापुढेही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना अभ्यासक आरंभीच या नाटकाचे नाव घेतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. चिटणीस स्वतः त्या समाजात जन्मलेले नव्हते. तरीही आपल्या विद्यार्थ्यांचे दुःख त्यांनी परके मानले नाही. लेखणी त्यांची असली, तरी रंगमंचावरचा आवाज विद्यार्थ्यांचा होता. दुसऱ्याच्या जागी उभे राहून सत्याची दुसरी बाजू पाहणे, ही दृष्टी अनेकान्ताचे संस्कार लाभलेल्या समाजाला नवीन नाही. मात्र ती प्रवचनात ऐकणे वेगळे आणि पात्राच्या रूपाने स्वतः जगून पाहणे वेगळे. नाटकात काम करणाऱ्या मुलाला आपल्याहून भिन्न माणसाचे बोलणे मुखोद्गत करावे लागते, समोरच्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे लागते. हे शिक्षण कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

हे बीज या मातीत रुजते, याचा दाखला पुढे जालना जिल्ह्यानेच दिला. समर्थ रामदासांचे जन्मग्राम असलेल्या जांबसमर्थ येथील शेतकरी राजकुमार तांगडे यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक लिहिले. संकल्पना व संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. २०१२ मध्ये ते रंगभूमीवर आले. महाराजांचा जिरेटोप ज्याच्या मस्तकी बसेल असा माणूस शोधत यम हिंडतो, अशी त्याची कल्पना. त्यात याच जिल्ह्याच्या खेड्यांतील, शेतीत राबणारे कलाकार होते. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्हा होरपळत असताना या मंडळींचे प्रयोग महाराष्ट्रभर गाजत होते. पाण्याचे दुर्भिक्ष असेल. परंतु प्रतिभेचे दुर्भिक्ष या भूमीत नाही.

मग उणीव कशाची आहे? महावीर जयंतीला बालक-बालिका चंदनबालेची कथा सादर करतात, माता त्रिशलेची स्वप्ने साकारतात. चार दिवसांत घाईने बसविलेले ते नाटुकले स्वागत, सत्कार आणि भाषणे आटोपल्यावर उरलेल्या वेळात उरकले जाते. ध्वनिक्षेपक नेमका तेव्हाच बिघडतो, ज्येष्ठ मंडळी भोजनाकडे वळतात आणि पाठ केलेले वाक्य ओठांवर घेऊन एखादी बालिका पडद्यामागेच उभी राहते. त्या दिवशी तिने काय शिकावे?

चिटणीसांनी आपल्या विद्यार्थ्यांचे नाटक कार्यक्रमाच्या शेवटी उरकण्याची बाब मानली नाही. त्यासाठी लेखणी झिजविली. त्यांचे खरे स्मरण करावयाचे, तर संस्थेच्या सभागृहातील एक संध्याकाळ दर आठवड्याला मुलांच्या तालमीसाठी राखून ठेवावी. समाजातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा शिक्षिकेने ती जबाबदारी स्वीकारावी. मुलांची भूमिका वाटताना धीट मुलाआधी अबोल मुलाचा विचार व्हावा. आणि प्रयोगाच्या दिवशी ज्येष्ठांनी पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसावे. यास मोठा निधी लागत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.

पन्नास वर्षांत संस्थेने वास्तू उभी केली. त्या वास्तूत पुढील पिढीचा आवाज निर्भयपणे घुमावा, हीच सदिच्छा. जय जिनेंद्र.