घरातले जुने आणि त्याचे मोल
(चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मंडळात केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. परंतु गेल्या वर्षी आपण मंडळात ‘जुन्या वस्तूंची पारख’ केली, त्या दुपारचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा होता. तो माझ्याच घरी सगळ्यांत लांबला, म्हणून चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे.

त्या दिवशी तिघे जाणकार आले होते. पेठेतले एक वृद्ध सराफ, तांबट आळीतले एक कारागीर आणि जुन्या नाण्यांचा नाद असलेले एक निवृत्त शिक्षक. अट एकच होती, कोणी काही विकत घ्यायचे नाही. ज्याला वस्तू हवी आहे त्यालाच तिची किंमत विचारणे म्हणजे मांजराला शिंक्यावर राखण ठेवण्यासारखे आहे.

कोणी माळ्यावरचे काढले, कोणी ट्रंकेच्या तळचे. एकीने तांब्याचे काळवंडलेले घंगाळ आणले, तेही मोडीत घालायच्या बेताने. तांबटांनी त्यावरच्या मठाराच्या खुणांवरून बोट फिरवले आणि काठाखालची अक्षरे दाखवली : सासूबाईंच्या सासूबाईंचे नाव आणि ‘शके १८२१’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १८९९ साल. घंगाळ मोडीत गेले नाही, हे सांगायला नकोच.

दुसरीने चिंचेने लख्ख घासलेली शिवराई मोठ्या उत्साहाने पुढे केली. मास्तर हसले. शिवराया महाराजांच्या पश्चात पेशवाईतही भरपूर पाडल्या गेल्या, त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळची नसते. शिवाय नाणे घासले की त्याची अक्षरे झिजतात आणि मोलही उतरते. तेव्हा भगिनींनो, जुन्या नाण्याला चिंच लावू नका.

पैठणीची गोष्ट निघाली तेव्हा मात्र दोघीतिघी गप्प झाल्या. जुन्या पैठणीची जर म्हणजे सोन्याचे पाणी दिलेली चांदीची तार. पदर असा विणलेला की उलटसुलट सारखाच दिसावा. अशा पैठण्या आपण बोहारणीला देऊन त्यांवर स्टीलचे डबे घेतले! डबे अजून आहेत, पैठण्या नाहीत.

आता माझे सांगते. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची बोरमाळ माझ्याकडे आली आणि पाटल्या वन्संकडे गेल्या. बोरमाळ चांगली टपोरी, पाटल्या बारीक. वन्सं तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण येणेजाणे कमी झाले. सतरा वर्षे झाली. मीही मनात म्हणत असे, बोरमाळ मला दिली, मी काही मागितली नव्हती.

सराफांनी बोरमाळ तळहातावर नुसती तोलली आणि म्हणाले, “बाई, हे मणी लाखेवरचे आहेत. आत लाख, वर सोन्याचा पातळ पत्रा. काम सुरेख आहे, पण सोने थोडे.” पाटल्या भरीव असतील तर त्यांतच सोने अधिक, असेही ते म्हणाले. माझा चेहरा उतरला, आणि खरे सांगते, लगेच हलकेही वाटले. म्हटले, आता वन्संना दाखवता येईल की जास्त त्यांनाच मिळाले.

त्याच आठवड्यात बोरमाळ घेऊन त्यांच्या घरी गेले आणि सराफ काय म्हणाले ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “वहिनी, सोन्याचे कोणी विचारले होते? आई पोथी वाचायला बसली की मी मांडीवर बसून हेच मणी मोजत असे. एवढेच हवे होते मला.”

भगिनींनो, सतरा वर्षे मी वजनाचे उत्तर तयार ठेवले होते, आणि प्रश्न वजनाचा नव्हताच. मी एकदाही विचारले नव्हते.

म्हणून दोन शब्द सांगते. वस्तूची पारख जरूर करून घ्या. दागिना मोडायचा असेल तर हॉलमार्क केंद्रात कस पाहून घ्या, मात्र यंत्र वरच्या थराचाच कस सांगते, आतली लाख त्याला दिसत नाही, हे ध्यानात असू द्या. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी लक्षात ठेवावे की १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते आपल्याला परस्पर देशाबाहेर नेता येत नाहीत. आपल्याच पुण्यात दिनकर केळकरांनी लोकांच्या घरांतले दिवे, अडकित्ते, वज्र्या जमवून केवढे संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते सरकारच्या स्वाधीन केले! आपण निदान आपल्या ट्रंकेतले तरी जपावे. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवा : कोणाची, कोठून आली, कोणी वापरली. आणि ती लिहिताना घरातल्या सगळ्यांना विचारा, सासरी गेलेल्या लेकींना आधी.

माझी बोरमाळ आता चिठ्ठीसह वन्संकडे आहे. गेल्या भाद्रपदात ती त्यांच्या गौरीच्या गळ्यात होती, आणि सवाष्ण म्हणून जेवायला मला बोलावणे होते.