चित्रफितींतील आवाज

नांदेड जिल्ह्यांतील उमरी हें सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरील तालुक्याचें गांव. ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं हैदराबाद मुक्तिसंग्रामांतील सैनिकांनीं येथील हैदराबाद स्टेट बँकेवर धाड घातली आणि हातीं आलेला पैसा लढ्याच्या कामीं दिला. त्याच सायंकाळीं दिल्लीस महात्मा गांधींचा खून झाला. त्या दिवशीं वीस वर्षांचा असलेला तरुण आज हयात असेल, तर तो शंभरीच्या घरांत आहे. त्या पिढीच्या तोंडची हकीकत आतां बहुधा यूट्यूबवरील मुलाखतींच्या व व्याख्यानांच्या चित्रफितींतच ऐकावयास सांपडते.

पण चित्रफीत ही पराधीन वस्तु आहे. ती ठेवणाऱ्यानें काढून घेतली कीं ती सर्वांनाच दिसेनाशी होते. शिवाय अशा मुलाखतींत चित्र थोडें बोलतें. खुर्चीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ तासभर दिसत राहतात. खरें मोल त्यांच्या शब्दांचें. ज्या आजोबांची दृष्टि मंदावली आहे, त्यांस आवाजच पुरेसा आहे. मग तेवढा आवाज वेगळा काढून घरीं ठेवतां येईल काय?

येतो, आणि तो कसा येतो हें समजण्यासारखें आहे. दुधांत साखर विरघळावी तसा आवाज चित्रांत मिसळलेला असतो, ही समजूत चुकीची आहे. एकाच डब्याच्या दोन कप्प्यांत दोन जिन्नस ठेवावे, तसे चित्र व ध्वनि निरनिराळे दाबून एकत्र ठेवलेले असतात. ध्वनीचा कप्पा लहान असतो. सेकंदास १,२८,००० बिट या मानानें तासाभराच्या भाषणास सुमारें ५८ मेगाबाइट जागा लागते. तर सेकंदास १०,००,००० बिट घेणाऱ्या साधारण चित्रास तेवढ्याच वेळांत सुमारें ४५० मेगाबाइट लागतात. जेथें इंटरनेट मंद आहे, तेथें हा फरक लहान नव्हे.

हा कप्पा उचलणारीं साधनें विनामूल्य मिळतात. ‘यूट्यूब-डीएल’ ही आज्ञावली रिकार्डो गार्सिया यांनीं २००६ सालीं पायथन भाषेंत लिहिली. तिच्यापासून निघालेली ‘वायटी-डीएलपी’ २०२१ पासून प्रचारांत आहे. आवाज वेगळा करण्याचें काम फाब्रिस बेलार यांनीं २००० सालीं आरंभिलेलें ‘एफएफएमपेग’ करतें. संगणकाच्या काळ्या खिडकींत आज्ञावलीचें नांव, त्यापुढें एक आडवी रेघ व एक्स हें अक्षर, आणि शेवटीं चित्रफितीचा पत्ता, एवढी ओळ टंकावी लागते. अनेक पत्ते एका यादींत लिहून ठेवले व अशा चार ओळींची लहानशी लिपी जोडली, म्हणजे संगणक एकामागून एक सर्व भाषणें उतरवून घेतो.

येथें एक सावधगिरी हवी. मूळ आवाज बहुधा ओपस किंवा एएसी या स्वरूपांत असतो. तो आहे तसाच ठेवल्यास कांहींच उणें होत नाहीं. परंतु सवयीनें त्याचें एमपीथ्री केलें, तर पुनः दाबतांना आवाजाचा थोडा अंश गळतो. जुन्या यंत्रासाठीं तें करावें लागलेंच, तरी मूळ प्रत टाकून देऊं नये.

दुसरा प्रश्न हक्काचा. ऑक्टोबर २०२० मध्यें अमेरिकेंतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघानें तक्रार केल्यावर ‘यूट्यूब-डीएल’ गिटहब या संकेतस्थळावरून हटविण्यांत आली व नोव्हेंबरांत पूर्ववत् ठेवण्यांत आली. साधन असणें एक आणि त्याचा वापर कसा होतो हें दुसरें, हा भेद त्या प्रकरणानें पुढें आला. यूट्यूबच्या अटी परवानगीवांचून उतरवून घेण्यास मनाई करतात. आपल्याकडे १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानें खासगी अभ्यासासाठीं न्याय्य वापराची मुभा ठेविली आहे. मात्र दुसऱ्याचें भाषण आपल्या नांवानें पसरविण्याचा अधिकार त्यांतून मिळत नाहीं. म्हणून चित्रफीत करणाऱ्यास एक पत्र लिहून परवानगी मागणें हा सरळ मार्ग. स्वतःच्या घरीं टिपलेल्या चित्रफितीस तर तीहि अडचण नाहीं.

आवाज हातीं आल्यावर अर्धेंच काम होतें. कोण बोलत आहे, कोठें, कोणत्या दिवशीं, आणि मूळ चित्रफीत कोणाची, हें त्या फाइलीच्या नांवांत व एका वहींत लिहून ठेवावें. एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी. नांवनिशाण नसलेला आवाज पुढच्या पिढीस परक्याचा वाटतो. उमरीच्या एखाद्या घरांतील नातवानें रविवारचा एक तास या कामास दिला, तर आजोबांना त्यांच्या सोबत्यांची वाणी रात्रीं उशाशीं ऐकतां येईल. आणि आजोबा अद्याप बोलते असतील, तर त्यांचाहि आवाज त्याच रविवारीं टिपून घ्यावा.