विडीचा धूर आणि पायाची नाडी

नाडी म्हटली की डोळ्यांपुढे मनगट येते. वैद्याने मनगटावर तीन बोटे टेकावी, क्षणभर डोळे मिटावे आणि मग काही सांगावे, हे चित्र आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या ठसलेले आहे. पण पायालाही नाडी असते, याची जाणीव फार थोड्यांना असते. पावलाच्या पाठीवर, अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्यामधील रेषेने वर गेले असता ती बोटाला लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे लागते. बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांतला एखादा पस्तिशीचा शेतकरी अंगठ्याची चिघळलेली जखम घेऊन दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा त्याच्या पुढील आयुष्याचा निकाल पुष्कळदा या दोन दुर्लक्षित नाड्यांवर अवलंबून असतो.

रक्तवाहिन्यांना दाह होणे, त्यांच्या भिंती सुजणे आणि आतला मार्ग अरुंद होत जाणे, अशा विकारांचे एक मोठे कुटुंबच वैद्यकशास्त्राने नोंदविले आहे. योगायोग असा की, या कुटुंबातील दोन प्रमुख रोगांची ओळख जगाला एकाच वर्षी, १९०८ साली झाली. जपानमध्ये मिकिटो ताकायासू या नेत्रवैद्याने एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची विलक्षण रचना वर्णिली. त्यातून पुढे महारोहिणीचा दाह करणारा आणि बहुधा तरुण स्त्रियांच्या मनगटातील नाडीच नाहीशी करणारा रोग ओळखला गेला. या रोगाच्या अभ्यासात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाने मोलाची भर घातली. तेथील डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. पारुळकर आणि त्यांचे सहकारी यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध केला.

त्याच १९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्गर या डॉक्टराने कापून काढलेले अकरा अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्या अवयवांतील लहान व मध्यम रक्तवाहिन्या दाहयुक्त गुठळ्यांनी बुजून गेल्या होत्या, पण वाहिन्यांच्या भिंतीची मूळ घडण पुष्कळ अंशी शाबूत होती. म्हणजे म्हातारपणी वाहिन्या कठीण होतात, तो हा प्रकार नव्हता. फेलिक्स फॉन विनिवार्टर या शल्यवैद्याने १८७९ साली अशाच एका रुग्णाची हकीकत लिहून ठेवली होती. तथापि रोगाला नाव मिळाले ते बर्गर यांचे. हा रोग मुख्यतः तरुण पुरुषांचा. पन्नाशीच्या आत तो सुरू होतो आणि तंबाखूवाचून तो जवळजवळ आढळतच नाही.

आपल्या देशाला हा रोग परका नाही. हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडलेल्या रुग्णांत बर्गरच्या रोगाचे प्रमाण पश्चिम युरोपात शेकडा अर्धा ते साडेपाचच्या आसपास आढळले असता, भारतातील जुन्या रुग्णालयीन पाहण्यांत ते शेकडा ४५ ते ६३ इतके भरले होते. यात विडीचा वाटा किती, हे बांगलादेशात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासाने दाखविले. सिगारेट ओढणाऱ्यांना या रोगाचा धोका होताच. विडी ओढणाऱ्यांना तो त्याहून अधिक होता. टेंभुर्णीच्या पानात वळलेली ती चिमूटभर तंबाखू दिसावयास क्षुल्लक, किमतीला स्वस्त. परंतु तिची किंमत पुढे पायाने मोजावी लागते.

रोगाची चाल ओळखण्यासारखी आहे. प्रथम चालताना तळव्याच्या कमानीत किंवा पोटरीत कळ येते. थांबले की ती जाते, चालू लागले की पुन्हा येते. रुग्ण म्हणतो, "पाय भरून येतो, गोळे चढतात." कोणाच्या कातडीखाली लाल, दुखरी दोरी उमटते, ती आज येथे तर महिन्याने दुसरीकडे. थंडीत बोटे पांढरी वा निळी पडतात. मग एके दिवशी नख काढताना लागलेली लहानशी जखम, चपलेचा चावा किंवा तुरीच्या रानातले धसकट निमित्त होते आणि ती जखम भरतच नाही. अखेरची अवस्था रात्रीची असते. आडवे झाले की पाय ठणकू लागतो, म्हणून रुग्ण बाजेवर बसून पाय खाली लोंबता सोडतो आणि तशीच रात्र काढतो. घरातले इतर जण निजलेले असतात. धन्याची झोप कोणत्या कारणाने उडाली, हे पुष्कळदा घराला कळतही नाही.

कळले तरी त्याचा अर्थ चुकीचा लावला जाण्याचा संभव असतो. कोणी करणीचा संशय घेतो, कोणी कुष्ठरोगाचा. वास्तविक कुष्ठरोगातील जखम बहुधा बधिर असते. येथे वेदना असह्य असते आणि पावलावरची नाडी हरवलेली असते. मधुमेही माणसाचा पायही कुजतो, पण त्याचे कारण निराळे आणि उपायही निराळे. म्हणून निदान डॉक्टरांवरच सोपवावे. ते रक्तातील साखर व चरबी तपासतात, पायाच्या व हाताच्या नाड्या पाहतात; जरूर पडल्यास रक्तवाहिन्यांचे चित्र घेतात. त्या चित्रात मुख्य वाहिनी मध्येच तुटलेली आणि तिच्या भोवती मळसूत्रासारख्या वळणदार बारीक वाहिन्या फुटलेल्या दिसतात. हाताची परीक्षा तर खर्चावाचून होते. अमेरिकेतील एडगर ॲलन यांनी १९२९ साली याच रोगाच्या संदर्भात ती सांगितली. रुग्णाने मूठ घट्ट आवळावी, डॉक्टरांनी मनगटातील रक्तवाहिनी दाबून धरावी आणि मग मूठ उघडावयास सांगावे. तळवा पांढराच राहिला, तर दुसरी वाहिनी बंद आहे असे समजावे.

आता प्रश्न उपचारांचा. पाटाचे पाणी अडले, तर शेजारून दुसरा पाट काढून ते पुढे नेता येते, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. हृदयाच्या वा मांडीच्या रक्तवाहिन्यांत शल्यवैद्य तेच करतात. परंतु बर्गरच्या रोगात अडथळा अगदी टोकाशी, बारीक वाहिन्यांत असतो. नवा पाट काढला तरी तो जोडावयाचा कोठे? पुढे शेतच उरलेले नसते. म्हणून इतर मार्ग शोधले गेले. कमरेजवळील मज्जातंतू छेदून त्वचेचा रक्तपुरवठा वाढविणे हा त्यांतील जुना मार्ग. पोटातील चरबीचा पडदा पायापर्यंत ओढून नेऊन तेथे नव्या वाहिन्या फुटाव्यात, अशी शस्त्रक्रियाही भारतात झाली. दिल्लीच्या शल्यवैद्यांनी १९९६ साली तिचा आपला अनुभव प्रसिद्ध केला.

औषधांची रीतसर परीक्षाही झाली आहे. १९९० साली युरोपातील १५२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काहींना इलोप्रॉस्ट हे औषध २८ दिवस, रोज सहा तास शिरेतून देण्यात आले, काहींना ॲस्पिरिन. पहिल्या गटात शेकडा ८५ जणांना उतार पडला, दुसऱ्यात शेकडा १७ जणांना. अलीकडचा प्रयत्न तर कर्नाटकाच्याच राजधानीतला. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स या संस्थेने अस्थिमज्जेतील मूळ पेशी वाढवून त्या पोटरीच्या स्नायूंत टोचण्याची पद्धत तयार केली आणि २०१६ साली भारताच्या औषध नियंत्रकांनी तिला या रोगासाठी मर्यादित परवानगी दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत ९० रुग्ण होते. पेशी घेतलेल्या रुग्णांच्या वेदना कमी झाल्या, जखमा अधिक चांगल्या भरल्या. मात्र कोणाला पेशी द्यावयाच्या हे त्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते आणि कोणता उपचार मिळत आहे हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. अशा चाचणीने आशा निर्माण होते. निकाल लागत नाही, हे सुज्ञांनी ध्यानात ठेवावयास हवे.

मग निकाल कशाने लागतो? अमेरिकेतील डॉ. जेफ्री ओलिन यांनी २००० साली या रोगाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात १२० रुग्णांच्या पाठपुराव्याचा हिशेब आहे. ज्यांनी तंबाखू सोडली, त्यांच्यापैकी शेकडा ९४ जणांवर अवयव कापण्याची पाळी आली नाही. ज्यांनी ती चालू ठेवली, त्यांच्यापैकी शेकडा ४३ जणांना एक वा अनेक वेळा ती शस्त्रक्रिया सोसावी लागली. शंभराहून अधिक वर्षांच्या संशोधनाचे सार या दोन आकड्यांत आहे. तंबाखू सोडल्यावर चालतानाची कळ काही काळ राहील, थंडीत बोटे पांढरी पडतील. पण पाय राहील. कोणतेही इंजेक्शन आजवर याच्या जवळपास पोहोचलेले नाही. आणि हे औषध असे की, डॉक्टरांना ते देता येत नाही. रुग्णाने ते स्वतः घ्यावयाचे असते.

येथे सीमाभागाचा प्रश्न उभा राहतो. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. त्या तालुक्यांत, तसेच आळंदच्या बाजूला आजही कित्येक घरांत मराठी बोलली जाते. बाजारात कन्नड, शेजारी दखनी, तांड्यावर लमाणी. कलबुर्गीत १९६३ साली महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, बिदरला २००७ साली सरकारी वैद्यकीय संस्था निघाली. उपचारांची सोय जवळ आली, हे भाग्यच. पण ज्या रोगाचा मुख्य उपचार मन वळविणे हा आहे, त्या रोगात भाषा हीदेखील औषधच होय. कागदावर इंग्रजीत "धूम्रपान बंद" असे लिहिले, म्हणजे ते औषध रुग्णाला पोहोचले असे होत नाही. त्याच्या लेखी धूम्रपान म्हणजे सिगारेट. विडी ही त्याची बांधावरची विश्रांती असते, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू ही भुकेवरची तोड असते आणि घरातील बाईची मिश्री तर दातांसाठीच असते! विडी सोडून तो तंबाखू चघळू लागतो आणि आपण पथ्य पाळले अशा समाधानात राहतो. रोग मात्र थांबत नाही.

म्हणून रुग्णाला त्याच्या बोलीत, नावे घेऊन सांगावयास हवे : विडी, सिगारेट, चिलीम, जर्दा, गुटखा, मिश्री, सारे बंद; कमी करणे पुरेसे नाही, दिवसाची एकदेखील नको. सवय सुटण्यासाठी इतरांना निकोटिनच्या गोळ्या वा पट्ट्या दिल्या जातात; या रोगात त्याही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत, कारण निकोटिनानेही रोग जागा राहू शकतो. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८०० ११ २३५६ ही विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनिसेवा २०१६ साली सुरू झाली. पुढे तिला मुंबई व बंगळुरू येथील केंद्रांचीही जोड मिळाली. रुग्णाने अनवाणी रानात जाऊ नये, नखे जपून काढावीत आणि पाय गार पडला म्हणून शेकोटीशी धरू नये. रक्त न पोहोचणारी कातडी चटकन भाजते आणि भरून मात्र येत नाही.

यासोबत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रागाने आणि तुच्छतेने तंबाखू सुटत नाही. "तुझ्या कर्माने पाय गेला" असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याने कोणाचा पाय वाचविल्याचे ऐकिवात नाही. विडीची सवय पुष्कळदा कोवळ्या वयात, वडीलधाऱ्यांची विडी चुलीवर पेटवून आणून देताना लागते. शेजारच्या सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. त्यांच्या पोटाचा विचार न करता विडीला नुसत्या शिव्या देणे सोपे आहे. त्या हातांना दुसरे काम मिळावे आणि या पायांना पुढची वाट मिळावी, या दोन्ही गोष्टी समाजानेच पाहावयाच्या आहेत.

एका पायाबरोबर काय काय जाते, याचा हिशेब रुग्णालयाच्या दप्तरात नसतो. औताची पाळी जाते, ऊसतोडीच्या टोळीतील जागा जाते, थोरल्या मुलाची शाळा सुटते, घरातील बाई दुसऱ्याच्या रानात रोजाने जाऊ लागते. हे सर्व पस्तिशी-चाळिशीत घडते, जेव्हा घर त्याच्याच आधारावर उभे असते. म्हणून घरातील कोणा तंबाखू खाणाऱ्या वा विडी ओढणाऱ्याला चालताना कळ येऊ लागली, बोटाची जखम पंधरा दिवसांत भरेना झाली, तर वाट पाहू नये. त्याला दवाखान्यात न्यावे आणि पायाची नाडी पाहण्याची विनंती करावी. ती मंद लागली, तरी धीर सोडू नये. त्याच दिवशी विडीचे बंडल त्याने आपल्या हाताने चुलीत टाकावे आणि घरातल्या सर्वांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. वाचलेला पाय हा त्या एका माणसाचा नसतो; सारे घर त्याच्यावर चालत असते.