सामू शिकविताना



लिंबू आंबट म्हणून ते आम्ल आणि साबणाचे पाणी बुळबुळीत म्हणून ते आम्लारी, एवढे मुलांना सहज पटते. अडते ते सामूच्या आकड्यापाशी. शून्य ते चौदा अशी पट्टी फळ्यावर काढली जाते, मूल ती पाठ करते. परंतु आकडा वाढला की आम्लता घटते, हे उलटे गणित त्याच्या गळी उतरत नाही.

ही मोजणी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सॉरेन्सेन यांनी सुचविली. तिच्या मुळाशी शून्ये मोजण्याची युक्ती आहे. शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन इतके विरळ असतात, की 25 अंश सेल्सिअस तपमानास 1 ग्रॅम आयन मिळण्यासाठी सुमारे 1 कोटी लिटर पाणी घ्यावे लागेल. एकावर सात शून्ये. म्हणून सामू 7. सामू 4 असलेल्या द्रवाचे 10,000 लिटर पुरतात, शून्ये चार. आयन जितके दाट, तितकी शून्ये कमी. एवढे उमगले की उलटेपणाचे कोडे सुटते आणि एक पायरी म्हणजे दहापट फरक, हेही कळते. लॉगॅरिथमचे नाव काढण्याची गरज नाही.

प्रयोगासाठी हळद सर्वांच्या हाताशी असते. पण हळदीचा कागद साध्या पाण्यात पिवळा राहतो, तसाच लिंबाच्या रसातही. तो आम्लारीतच तांबडा होतो. मग मुले पाणी व लिंबू एकाच रांगेत बसवितात, आणि दोष मुलांना दिला जातो! तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क घ्यावा. तो आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवा होतो. चुन्याची निवळी शिक्षकानेच हाताळावी, ती डोळ्यांस घातक आहे. चव घेऊन परीक्षा कोणत्याही द्रवाची करू देऊ नये.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 साली सुरू झाली. त्या पत्रिकेवर मातीचा सामू दिलेला असतो, आणि पुष्कळ घरांत ती वाचून दाखविण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडेच येते. 8.5 च्या वरचा सामू हे चोपण जमिनीचे लक्षण मानतात. तेथे जिप्समचा विचार करावा लागतो. 8.2 आणि 9.2 यांत ‘एकाचाच तर फरक’ असे त्या मुलाने वडिलांना सांगितले, तर पाठ वाया गेला. गावातील काही पत्रिका मागवून त्यांवरील आकडे मुलांकडून क्रमाने मांडून घ्यावेत व दहापट फरकाच्या जोड्या शोधावयास लावाव्यात.