पहिला भाला फेकणारे



इंग्रजी भाषेच्या मोठ्या कोशांत, ज्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही असा एक शब्द आहे : व्हेलिटेशन. किरकोळ लष्करी चकमक, आणि लक्षणेने शाब्दिक खटका, एवढाच अर्थ देऊन कोशकार पुढच्या शब्दाकडे वळतात. सतराव्या शतकातील लॅटिनप्रेमी इंग्रज पंडितांनी तो आपल्या लेखनात वापरला. आज तो इंग्रजांच्याही कानांना परका झाला आहे. परंतु त्या व्याख्येतील ‘किरकोळ’ या विशेषणापाशी मी अडखळलो, कारण ज्यांच्या नावावरून हा शब्द निघाला त्यांची हकीगत वाचल्यानंतर ते विशेषण मला उघडउघड अन्यायाचे वाटू लागले. आणि म्हणून आज शब्दापेक्षा त्या माणसांविषयीच मी अधिक बोलणार आहे.

रोमन प्रजासत्ताकाच्या पायदळात व्हेलिटीज नावाचा हलक्या शस्त्रांचा एक वर्ग होता. त्यांचे सर्वांत तपशीलवार वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने केले आहे. इ. स. पू. 167 मध्ये ओलीस म्हणून रोमला आणलेला हा विद्वान पुढे सिपिओ या रोमन घराण्याच्या निकट सहवासात राहिला, आणि ज्या फौजेने आपल्या देशाला नमविले तिची रचना त्याने एखाद्या निष्णात दप्तरदाराच्या बारकाईने लिहून ठेवली. त्याच्या सांगण्याप्रमाणे भरतीच्या वेळी वयाने सर्वांत लहान आणि दौलतीने सर्वांत गरीब अशा नागरिकांना व्हेलिटीजमध्ये घालीत; ज्यांची मालमत्ता चारशे द्राख्मांहूनही कमी भरे त्यांची रवानगी आरमारावर होई. प्रत्येकाने आपले शस्त्र आपल्याच पैशाने आणायचे, असा तेव्हाचा दंडक असल्यामुळे ज्याच्या घरी चिलखत घेण्याची ऐपत नाही त्याने उघड्या छातीने सर्वांच्या पुढे उभे राहावे, हा त्या व्यवस्थेचा अपरिहार्य परिणाम होता. चार हजार दोनशे पायदळाच्या लीजन या रोमन सैन्यदळात असे बाराशे तरुण असत. त्यांची स्वतंत्र तुकडी नसे. भारी शस्त्रांच्या इतर तिन्ही वर्गांच्या तुकड्यांत त्यांची सारखी वाटणी करीत.

शस्त्रे म्हणावी तर एक तलवार, काही फेकीचे भाले आणि एक गोल, हलकी पण मजबूत ढाल. भाल्याचा दांडा दोन हात लांब व बोटभर जाड, त्याचे लोखंडी पाते वीतभर. हात, वीत आणि बोट ही ग्रीकांची मापे आपल्या जुन्या मापांशी इतकी जुळतात की पॉलिबियसचा हा मजकूर मराठीत जणू मापासकट उतरतो. ते पाते ठोकून ठोकून मुद्दाम इतके पातळ केलेले असे की पहिल्याच आघाताला ते वाकावे, म्हणजे शत्रूला तोच भाला उचलून परत फेकता येऊ नये. साध्या शिरस्त्राणावर हे तरुण कधीकधी लांडग्याचे कातडे पांघरीत. त्यात डोक्याच्या रक्षणाचा हेतू होताच. शिवाय पुढे सरसावून कोण लढतो आणि कोण मागे रेंगाळतो हे मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना दुरून ओळखता यावे, हाही हेतू होता.

या शेवटच्या तपशिलाला जोडून पॉलिबियसने दिलेली आणखी एक माहिती मला सर्वांत मोलाची वाटते. रोमन सेनापती पराक्रमाबद्दल बक्षिसे वाटीत : शत्रूला जखमी करणाऱ्यास भाला, शत्रूला ठार करून त्याची शस्त्रे उतरवून आणणाऱ्या पायदळी शिपायास प्याला आणि घोडेस्वारास घोड्याचा साज. परंतु ही बक्षिसे मोठ्या रणसंग्रामात किंवा शहरावरील हल्ल्यात केलेल्या कृत्यांसाठी नसत. चकमकीत, जिथे एकट्यानेच पुढे होऊन झुंजण्याची कोणतीही सक्ती नाही तिथे, जो आपण होऊन संकटात उडी घेई त्याच्यासाठी ती राखून ठेवलेली असत. रांगेत उभ्या असलेल्या शिपायाला मागून मागचा रेटतो आणि बाजूचा धरून ठेवतो. चकमकीत असा आधार कोणाचाच नसतो, आणि माघारीची वाट तर सदैव मोकळी असते. तरीही जो पुढे जातो त्याचे धैर्य सर्वस्वी त्याचे स्वतःचे, हे रोमनांनी नेमके ओळखले होते.

लिव्ही हा इतिहासकार या वर्गाच्या स्थापनेचे श्रेय एका शतनायकाला देतो. इ. स. पू. 211 मध्ये कापुआ शहराला रोमनांचा वेढा पडला असताना शहरातील घोडदळ रोमन घोडदळाला वारंवार भारी पडू लागले. तेव्हा क्विंटस नेव्हियस या शतनायकाच्या सल्ल्याने चपळ तरुण निवडून प्रत्येकी सात भाल्यांनिशी त्यांना स्वारांच्या पाठीमागे घोड्यावर बसविण्यात आले, आणि इशारत होताच खाली उड्या टाकून भाले फेकण्याची त्यांना तालीम देण्यात आली. ही युक्ती सफल झाली. अर्थात हलक्या शस्त्रांचे पायदळ रोमनांपाशी त्याआधीही होतेच.

त्या पूर्वीच्या पायदळाचे हाल इ. स. पू. 218 च्या हिवाळ्यात ट्रेबिया नदीवर दिसले. रोमचा शत्रू हॅनिबल याने पहाटे आपले न्युमिडियन स्वार पाठवून रोमनांना छावणीतून बाहेर ओढले. न्याहारीवाचून निघालेल्या त्या सैनिकांनी छातीइतके खोल, गार पाणी ओलांडले, आणि भालाईतांचे बहुतेक भाले त्या स्वारांवर टाकण्यातच संपून गेले. खरी लढाई सुरू झाली तेव्हा त्यांचे हात जवळजवळ रिकामे होते. याउलट इ. स. पू. 202 मध्ये झामाच्या रणांगणावर रोमन सेनापती सिपिओने आपल्या तिन्ही रांगांतील तुकड्या एकामागे एक अशा उभ्या करून मध्ये सरळ वाटा मोकळ्या सोडल्या, त्या वाटांच्या तोंडाशी व्हेलिटीज ठेवले, आणि हत्तींनी रेटलेच तर त्याच वाटांनी मागे हटा असा हुकूम दिला. हॅनिबलच्या ऐंशीहून अधिक हत्तींपैकी बरेचसे त्या मोकळ्या वाटांनी निघून गेले. हत्तींपुढे पायी उभे राहून आणि वेळेवर मागे हटून ज्यांनी हे घडवून आणले, त्यांपैकी एकाचेही नाव इतिहासाने राखलेले नाही.

पुढे इ. स. पू. 107 मध्ये रोमन सेनानी मारिअसने मालमत्तेची अट बाजूला सारून निर्धनांना फौजेत घेतले. त्या सुमारानंतर व्हेलिटीजचा उल्लेख दिसेनासा होतो. भाले, बाण आणि गोफणी यांचे काम परदेशी मदतनीस सैन्याकडे गेले. मात्र माणसे गेली तरी शब्द उरला. रोमन नाटककार प्लॉटस याने तर ते सैन्य अस्तित्वात असतानाच हा शब्द दोन गुलामांच्या शिवीगाळीला लावला होता, आणि इंग्रज पंडितांच्या हाती तो आला तेव्हा त्यातला शाब्दिक वादाचा अर्थ आधीपासूनच मुरलेला होता.

आपल्या भाषेत या शब्दाला चकमक असा सुंदर प्रतिशब्द आहे. तो मूळचा तुर्की. आगपेटी येण्यापूर्वी खेडोपाडी कापूस, गारगोटी आणि चकमक यांचा जो संच बाळगीत त्यातला विस्तव पाडण्याचा लोखंडी तुकडा म्हणजे चकमक, आणि दोन तुकड्यांची क्षणभर गाठ पडून ठिणग्या झडल्यासारखी जी लढाई तीही चकमक. गनिमी काव्याशी मात्र व्हेलिटेशनची गल्लत करू नये. 2 फेब्रुवारी 1661 रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला अरण्यात कोंडून शरण आणले, तेव्हा तेथील छोटी झुंज हाच त्या मोहिमेचा निकाल होता. तिच्यामागून यायचे असे दुसरे मोठे युद्ध नव्हते. रोमन व्हेलिटीज हे आपल्या फौजेतील बिनीच्या लोकांसारखे होते. त्यांनी सुरुवात करायची, शत्रूची फळी विस्कळीत करायची, आणि तुतारी वाजताच मागच्या भारी शस्त्रांच्या रांगांना वाट करून द्यायची. शेवट दुसऱ्यांच्या हातून होई.

रात्री छावणीच्या तटाबाहेर पहारा देणारेही व्हेलिटीजच, आणि प्रत्येक दरवाजावर दहा-दहांच्या टोळीने उभे राहणारेही तेच होते. अशा माणसांचे काम किरकोळ म्हणता येत नाही. म्हणून रोमन इतिहासाचे ग्रंथ मराठीत आणणाऱ्या अभ्यासकांना माझी विनंती आहे : व्हेलिटेशन हा शब्द वाटेत आला तर त्याला निःशंकपणे चकमक म्हणावे, आणि तिच्यामागे ‘किरकोळ’ हे विशेषण लावू नये.