टरफलापासून पेशीपर्यंत



जनुकवाहकांवरच्या या परिषदेसाठी रत्नागिरीत आपले मनःपूर्वक स्वागत. मी शास्त्रज्ञ नाही, माझा धंदा मासळीप्रक्रियेचा. मला स्वागताध्यक्ष का केले, हे मिरकरवाडा बंदरावरचा वारा इकडे वळला की कळेलच.

तुमच्याकडे कायटोसान पांढरी भुकटी होऊन बाटलीतून येते. आमच्याकडे तो कोळंबीच्या टरफलांचा ढीग असतो, दुपारपर्यंत नाक धरायला लावणारा. आम्लाने त्यातला चुना काढायचा, सौम्य कॉस्टिकने प्रथिने काढायची आणि उरलेले कायटिन तीव्र कॉस्टिकमध्ये तापवून त्याचे कायटोसान करायचे. किती तापवले, किती वेळ, यावर किती अमाइन गट मोकळे होतात ते ठरते. हेच गट धनभारित होऊन तुमच्या ऋणभारित डीएनएची पुडी बांधतात.

विषाणूऐवजी अशी पुडी का हवी? १९९९ साली जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा विषाणू-वाहक वापरणाऱ्या जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी कायटोसानमध्ये बांधलेला डीएनए उंदरांना तोंडावाटे दिला आणि शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची तीव्रता कमी झाल्याचे दाखवले. आशा वाढल्या. तरी २०१८ मध्ये तिथे मंजूर झालेले आरएनए-हस्तक्षेपाचे पहिले औषध मेदकणांतून गेले. कायटोसानसारख्या बहुशर्करेचा नंबर लागला नाही, हे स्पष्ट बोललेले बरे.

घोडे अडते ते रक्तात. सामू ७.४ झाला की अमाइनचा बहुतेक भार जातो आणि पुडी सैल पडते. म्हणून तुम्ही ट्रायमिथाइल गट जोडून भार टिकवता. यकृताच्या पेशींनी ओळखावे म्हणून गॅलॅक्टोज लावता. पुडी फार घट्ट झाली तर पेशीत सुटत नाही, ती वेगळीच डोकेदुखी. ही सगळी कारागिरी वरची. खालचा मालच दर खेपेला बदलत असेल, तर कालचा प्रयोग आज जुळायचा कसा?

आमच्याकडे चौकशी येते ती फक्त किलोच्या भावाची. कोणत्या जातीची कोळंबी, किती रेणुभार, किती टक्के अ‍ॅसिटिल काढलेले, हे कुणी विचारतच नाही. या दोन दिवसांत तेवढे लिहून द्या. तसा माल काढून दाखवायची जबाबदारी आमची.

उद्या सकाळी बंदर आणि आमचा कारखाना पाहायला ज्यांना यायचे आहे, त्यांनी नोंदणीच्या टेबलावर नावे द्यावीत. गमबूट आम्ही देऊ. चपला घालून येऊ नये, फरशी फार निसरडी असते.